कंपन्यांना करमाफी, नागरिकांची मुस्कटदाबी

२५ मार्च २०२५ रोजी लोकसभेने त्या वर्षीचे वित्त विधेयक संमत केले. त्याबरोबर सरकारने स्वतःच आणलेल्या ३५ दुरुस्त्याही संमत झाल्या. इतक्या दुरुस्त्यांच्या गर्दीत कोणती दुरुस्ती कोणाच्या हिताची, हे पाहण्याची सवड सभागृहाला मिळाली नाही. ती मिळावी अशी सरकारची इच्छाही दिसली नाही. त्यांतील एका दुरुस्तीने परदेशी इंटरनेट कंपन्यांच्या जाहिरात-उत्पन्नावरील ६ टक्क्यांचे समानीकरण शुल्क १ एप्रिलपासून रद्द केले. वर्तमानपत्री बोलीत ज्याला ‘गूगल टॅक्स’ म्हणत, तेच हे शुल्क. १ फेब्रुवारीला मांडलेल्या मूळ विधेयकात ते रद्द करण्याची तरतूद नव्हती. मग मधल्या आठ आठवड्यांत असे काय घडले?

घडले ते सर्वांना ठाऊक आहे. २१ फेब्रुवारीला अमेरिकेचे अध्यक्ष ट्रम्प यांनी एक आदेश काढला. आमच्या कंपन्यांवर डिजिटल कर बसविणाऱ्या देशांवर आम्ही जकाती बसवू, असा त्याचा आशय होता. २ एप्रिल ही नव्या जकातींच्या घोषणेची तारीख ठरली होती. त्या तारखेच्या आठ दिवस आधी दिल्लीने आपला कर मागे घेतला. ज्या सरकारला स्वावलंबनाची घोषणा दिल्यावाचून एक दिवस जात नाही, त्या सरकारने एका परकीय सत्तेच्या धमकीपुढे आपला कायदा गुंडाळला आणि त्याबद्दल देशाला चार वाक्यांचे स्पष्टीकरण देण्याचीही तसदी घेतली नाही.

आणि पदरात काय पडले? २ एप्रिलला भारतावर २६ टक्क्यांची जकात जाहीर झालीच. ऑगस्टमध्ये आधी २५ टक्के, आणि रशियाचे तेल घेतल्याचा दंड म्हणून आणखी २५ टक्के, असा ५० टक्क्यांचा बोजा भारतीय मालावर पडला. सप्टेंबरात एच-वन-बी परवान्याच्या नव्या अर्जावर १ लाख डॉलरची फी बसली. तेलही गेले, तूपही गेले, हाती धुपाटणे आले, ही म्हण आपल्या परराष्ट्रव्यापाराच्या इतिहासात इतकी चपखल क्वचितच लागू पडली असेल.

हा कर मुळात होता तरी काय, हे आधी पाहिले पाहिजे. त्याविषयी गैरसमज पुष्कळ पसरविण्यात आले आहेत.

२०१६ साली, अखिलेश रंजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीवरून, हे शुल्क आले. भारतात कायम आस्थापना नसलेल्या परदेशी कंपनीला ऑनलाइन जाहिरातीचे पैसे धाडताना, धाडणाऱ्या व्यावसायिकाने शंभरातले सहा रुपये कापून सरकारजमा करावेत, अशी त्याची साधी रचना होती. वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतची देणी वगळली होती. पहिल्या वर्षी साडेतीनशे कोटींच्या आतबाहेर आणि २०१९-२० मध्ये अकराशे कोटींच्या वर उत्पन्न झाले. २०२० मध्ये परदेशी ई-व्यापार कंपन्यांच्या उलाढालीवर २ टक्क्यांचे दुसरे शुल्क बसविण्यात आले; ते कंपनीनेच भरावयाचे होते. ते २०२४ च्या १ ऑगस्टपासून गेले, आणि आठ महिन्यांनी पहिलेही गेले. या रकमा केंद्र सरकारच्या अर्थसंकल्पाच्या मानाने लहान आहेत, हे कोणीही सांगेल. पण तीन वर्षांत तिपटीहून अधिक वाढणारे उत्पन्न लहान राहत नसते. आणि करामागचे तत्त्व तर मुळीच लहान नव्हते.

ते तत्त्व समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. एका देशात धंदा करणाऱ्या दुसऱ्या देशाच्या कंपनीवर कर कोणी बसवावा, याचे नियम राष्ट्रसंघाच्या काळात घडले. १९२३ साली ब्रून्स, आयनाउडी, सेलिग्मन आणि स्टॅम्प या चार अर्थशास्त्रज्ञांनी राष्ट्रसंघाला अहवाल दिला. एक डच, एक इटालियन, एक अमेरिकन, एक इंग्रज. ज्यांच्या भूमीवर या कंपन्यांचे मळे आणि खाणी होत्या, त्या वसाहतींचा माणूस त्यांत नव्हता. पुढे या परंपरेतून जे करार घडत गेले त्यांचे सार असे की, जेथे कंपनीची कायम आस्थापना, म्हणजे कचेरी, कारखाना किंवा गोदाम असेल, तेथेच तिच्या धंद्याच्या नफ्यावर कर बसेल. ज्या काळी माल जहाजातून येई आणि तो विकावयास पेढी थाटावी लागे, त्या काळी या नियमात काही अर्थ होता. आज सांगलीचा हळदीचा व्यापारी आपल्या मालाची जाहिरात देतो, ती नागपूरचा गिऱ्हाईक आपल्या खिशातल्या फोनवर पाहतो, देणारा भारतीय, पाहणारा भारतीय, माल भारतीय, पैसा भारतीय. आणि नफा मात्र डब्लिनचा किंवा सिंगापूरचा ठरतो, कारण यंत्र कोठेतरी दुसरीकडे आहे! हा नियम म्हणजे तांत्रिक गैरसोय नव्हे. तो एका वर्गाच्या सोयीचा आहे आणि म्हणूनच तो शंभर वर्षे टिकला आहे.

याची साक्ष न्यायाधिकरणाच्या कागदपत्रांतच सापडते. गूगलची भारतातील कंपनी आपल्या आयर्लंडमधील भगिनी-कंपनीकडून जाहिरातीची जागा ‘विकत घेते’ आणि येथे ती ‘पुन्हा विकते’, अशी मांडणी होती. आयर्लंडला जाणारा पैसा हा खरेदीची किंमत की करपात्र स्वामित्वधन, यावर २००७-०८ ते २०१२-१३ या आकारणी-वर्षांबाबत वाद चालला. बंगळुरूच्या प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये निकाल आयकर खात्याच्या बाजूने दिला. प्रकरण उच्च न्यायालयातून परत आले, आणि त्याच न्यायाधिकरणाने २०२२ मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने दिला. न्यायाधिकरणाला दोष देण्यात हशील नाही; करारात जे लिहिले आहे त्याचाच अर्थ त्याने लावावयाचा असतो. पण ज्या प्रश्नाचे उत्तर मिळावयास पंधरा वर्षे लागतात आणि जो वकिलांच्या कसबावर दोन्ही बाजूंनी सुटू शकतो, तो प्रश्न न्यायालयावर सोपविणे हीच राज्यकर्त्यांची जबाबदारी-टाळणी होय. समानीकरण शुल्काने हा गुंताच ओलांडला होता. ते प्राप्तिकर कायद्याच्या बाहेर, वित्त अधिनियमाच्या स्वतंत्र प्रकरणात ठेवले होते. दुहेरी करटाळणी करारांची ढाल त्यापुढे चालत नव्हती. कंपन्यांचा राग होता तो सहा टक्क्यांवर नव्हे. त्यांचा राग या युक्तीवर होता.

आयर्लंडचे नाव निघालेच आहे तर दोन आकडे ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. युरोपीय आयोगाने २०१६ मध्ये जाहीर केले की, ॲपलच्या तेथील कंपनीने २०१४ साली आपल्या युरोपातील नफ्यावर ०.००५ टक्के दराने कर भरला. म्हणजे दहा लाखांच्या नफ्यावर पन्नास. बुडालेले १३ अब्ज युरो वसूल करा, असा आदेश आयर्लंडला झाला, आणि आयर्लंडचे सरकार ‘आम्हांला हा पैसा नको’ म्हणून न्यायालयात गेले! २०२४ च्या सप्टेंबरात युरोपीय न्यायालयाने तो घ्यावयास लावला. दुसरा आकडा गूगलचा. २०१७ या एका वर्षात नेदरलँड्समधील एका नाममात्र कंपनीमार्फत १९.९ अब्ज युरो बर्म्युडाकडे वळविण्यात आले. बर्म्युडात त्या काळी कंपन्यांच्या उत्पन्नावर करच नव्हता. तेव्हा हा पैसा भारताला न मिळता अमेरिकेच्या शाळांना आणि रुग्णालयांना मिळतो, अशी कोणी समजूत करून घेऊ नये. अमेरिकन श्रमिकाशी आपले भांडण नाही. त्याच्याही वाट्याचे बर्म्युडाला जात होते.

आता या कराविरुद्धचे आक्षेप पाहू. सर्वांत ढोबळ आक्षेप असा की, या कंपन्या १८ टक्के वस्तू व सेवा कर भरतातच, मग आणखी कर कशाला? हा वस्तू व सेवा कर भरतो गिऱ्हाईक. कंपनी तो गोळा करून पुढे पाठविते. कोपऱ्यावरचा दुकानदारही तो गोळा करतो आणि त्याउपर आपल्या नफ्यावर प्राप्तिकर भरतो. दुकानदाराला जे सुटत नाही ते कंपनीला का सुटावे?

दुसरा आक्षेप, सेवा फुकट आहे. फुकट काहीच नाही. जाहिरातीचा खर्च साबणाच्या वडीत आहे, चहाच्या पुड्यात आहे, मुलाच्या शिकवणीच्या फीमध्ये आहे. ज्या मोलकरणीने आयुष्यात गूगल उघडलेले नाही तीही साबण घेताना ही पट्टी देते.

तिसरा आक्षेप मात्र गंभीर आहे, आणि डाव्या मंडळींनी तो उडवून लावणे बरोबर नाही. कर कंपनीवर बसला तरी कंपनी तो भारतीय व्यापाऱ्याच्या डोक्यावर टाकणार, असे म्हणतात. आणि हे खरे आहे. गूगलने २०२१ मध्ये भारत, इटली यांसारख्या देशांत दिसणाऱ्या जाहिरातींवर ‘नियामक खर्च’ या नावाखाली २ टक्के जादा आकार लावलाच होता. सहा टक्क्यांच्या शुल्काची रचनाही सदोष होती. ते देणाऱ्याने कापावयाचे असल्यामुळे, कंपनीने ‘आमचा पूर्ण पैसा पाहिजे’ म्हटले की भुर्दंड जाहिरातदाराला. पण यातून निष्कर्ष कोणता काढावयाचा? ज्याला बाजारात प्रतिस्पर्धी आहे त्याला कराचा सगळा बोजा गिऱ्हाइकावर लोटता येत नाही. गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते. ज्याला तो सुखाने लोटता येतो त्याची मक्तेदारी सिद्ध होते. म्हणजे हा आक्षेप करमाफीच्या बाजूचा पुरावा नसून मक्तेदारी मोडण्याच्या बाजूचा पुरावा आहे. कराबरोबर नियमन पाहिजे, असे आम्ही म्हणतो ते याचसाठी.

नियमनाची स्थिती काय आहे? २०२२ च्या ऑक्टोबरात स्पर्धा आयोगाने अँड्रॉइड फोनच्या प्रकरणी गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला, आणि पाच दिवसांनी प्ले-स्टोअरमधील सक्तीच्या वसुलीबद्दल आणखी ९३६.४४ कोटींचा. दुसरा दंड अपिलात २०२५ मध्ये २१६.६९ कोटींवर आला. आयोगाने आपले काम केले, हे मान्यच केले पाहिजे. पण दंड गुन्हा घडल्यावर होतो, आणि तोवर लहान स्पर्धक मेलेला असतो. म्हणून मोठ्या कंपन्यांना आधीच मर्यादा घालणारा कायदा हवा. युरोपने तो २०२२ मध्ये केला. आपल्याकडे डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. २०२५ संपले तरी ते विधेयक संसदेच्या दारात आले नव्हते. घाई फक्त कर रद्द करण्याची होती.

‘१९७७ ची पुनरावृत्ती करावयाची आहे काय?’ असाही एक प्रश्न छद्मीपणाने विचारला जातो. जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना कोका-कोला गेली, १९७८ मध्ये आय.बी.एम. गेली, आणि देश म्हणे मागे पडला. वस्तुस्थिती अशी की परदेशी भागभांडवल ४० टक्क्यांवर आणण्याची अट १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याची होती. तो इंदिरा गांधींच्या राजवटीतला कायदा. शेकडो परदेशी कंपन्यांनी आपल्या भांडवलाची फेररचना केली आणि त्या येथेच राहिल्या, नफाही मिळवीत राहिल्या. आय.बी.एम.च्या यंत्रांची देखभाल सार्वजनिक क्षेत्रातील कॉम्प्युटर मेन्टेनन्स कॉर्पोरेशनने उचलली, आणि त्या पोकळीत भारतीय संगणक-उद्योगाने आपले पाय रोवले. (कोका-कोलाच्या जागी सरकारने काढलेले ‘डबल सेव्हन’ पेय मात्र कोणाला फारसे रुचले नाही, पेये बनविणे हे सरकारचे काम नव्हे, एवढाच धडा त्यातून घ्यावा.) शिवाय आज कोणी कोणाला हाकलून देत नाही. सव्वाशे-दीडशे कोटींचा बाजार सहा टक्क्यांसाठी सोडून जाईल अशी कंपनी अजून जन्मावयाची आहे. ही जवळजवळ नऊ वर्षे शुल्क भरले गेले. एकही गेली नाही.

खरी तुलना १९७७ शी नाही. ती त्याहून बरीच जुनी आहे, आणि मुंबईने ती भोगली आहे. १८७४ मध्ये मँचेस्टरच्या चेंबर ऑफ कॉमर्सने भारतमंत्र्याकडे तक्रार केली की, विलायती सुती कापडावर हिंदुस्थानात जी आयात-जकात आहे ती मुक्त व्यापाराच्या तत्त्वाला बाधक आहे. जकात होती ५ टक्के, आणि ती संरक्षक नसून केवळ उत्पन्नासाठी होती. १८७९ मध्ये लिटनने आपल्या कौन्सिलातील बहुमत बाजूला सारून जाड्याभरड्या कापडावरील जकात उठविली. १८८२ मध्ये बाकीचीही गेली. पुढे तिजोरीत खडखडाट झाला तेव्हा १८९४ मध्ये ती पुन्हा लावणे भाग पडले. पण मँचेस्टरची समजूत कशी घालावयाची? म्हणून मुंबईच्या गिरण्यांच्या सुतावरही तितकाच अबकारी कर बसविला, आणि १८९६ मध्ये दोन्हीकडच्या कापडावर साडेतीन-साडेतीन टक्के केले. परदेशी मालाशी ‘समानता’ साधावी म्हणून स्वदेशी मालावर कर! तो जावयास १९२६ साल उजाडावे लागले. त्या वेळी देश परतंत्र होता, व्हाइसरॉय लंडनहून येत असे. आज तसे काही नाही, आणि तरी मुक्त व्यापाराच्या नावाने तीच मागणी आली आणि तशीच मान्य झाली. प्रत्येक परदेशी नफ्याला उठल्यासुटल्या लूट म्हणण्याची सवय आम्हांला मान्य नाही. या कंपन्यांच्या सेवांनी लहान व्यापाऱ्याचे, विद्यार्थ्याचे, गावाकडच्या वाचकाचे कामही झाले आहे. परंतु आपल्या भूमीत झालेल्या व्यवहारावर कर बसविण्याचा अधिकार दुसऱ्या देशाच्या व्यापाऱ्यांच्या तक्रारीवरून सोडून देणे, याला दुसरे नाव नाही.

‘जागतिक कराराची वाट पाहू’ असे आपले राज्यकर्ते सांगत आले. तो करारही पाहा. ऑक्टोबर २०२१ मध्ये १३६ देशांनी त्याला संमती दिली. २० अब्ज युरोंहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांच्या नफ्यातून आधी उलाढालीच्या १० टक्क्यांइतका वाटा बाजूला काढावयाचा, उरलेल्या नफ्याचा चौथा हिस्सा बाजारपेठ असलेल्या सर्व देशांत वाटावयाचा, आणि त्याबदली प्रत्येक देशाने आपले डिजिटल कर सोडावयाचे. ताकापुरते रामायण म्हणतात ते हेच. त्याच नोव्हेंबरात भारताने अमेरिकेशी समझोता करून २ टक्क्यांच्या शुल्काला मुदत घालून घेतली. तो करार अमलात आलाच नाही. आणि २० जानेवारी २०२५ रोजी, सत्तेवर आल्याच दिवशी, ट्रम्प यांनी त्याला अमेरिकेत काडीचीही किंमत नसल्याचे जाहीर केले. ज्याच्या मोबदल्यात कर सोडावयाचा होता ती वस्तूच नाहीशी झाली, तरी आम्ही सोडावयाचे ते सोडले!

सगळेच देश असे वागले असते तर ‘इलाज नव्हता’ म्हणता आले असते. ब्रिटनने मे २०२५ मध्ये अमेरिकेशी व्यापारी समझोता केला, आणि २०२० पासूनचा आपला २ टक्के डिजिटल कर हातचा सोडला नाही. फ्रान्सने २०१९ मध्ये ३ टक्के कर बसविला, दारूवर जकातीच्या धमक्या खाल्ल्या, कर ठेवला. कॅनडा मात्र जून २०२५ च्या शेवटच्या दोन दिवसांत मोडला. वाटाघाटी थांबविल्याचे ट्रम्प यांनी जाहीर करताच कराचा पहिला हप्ता येण्याच्या आदल्या दिवशी त्याने तो मागे घेतला. पण कॅनडा निदान शेजाऱ्याच्या उंबऱ्यावर राहतो आणि त्याची बहुतेक निर्यात तेथेच जाते. आपण कोणाच्या उंबऱ्यावर राहतो?

येथवर आम्ही सरकारला दुबळे म्हणत आलो. ते अर्धेच खरे आहे. या कंपन्यांपुढे हे सरकार एका विषयात जराही दुबळे नाही, आणि तो विषय म्हणजे भारतीय नागरिकाचे बोलणे.

२०२१ हेच वर्ष घ्या. फेब्रुवारीत शेतकरी आंदोलन ऐन भरात असताना सरकारने ट्विटरला अडीचशेहून अधिक खाती बंद करावयास सांगितले. त्यांत शेतकऱ्यांच्या संघटनेचे खाते होते, ‘कॅरव्हॅन’ मासिकाचे होते. कंपनीने काही तासांत ती पुन्हा उघडली तेव्हा कर्मचाऱ्यांना तुरुंगात टाकण्याच्या कलमांची आठवण देण्यात आली, आणि बहुतेक खाती परत बंद झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात याच सरकारने करावर माघार घेतली. कोणत्या बाबतीत आपण ठाम राहू शकतो, हे सरकारला नीट कळते.

सरकारचा सहयोग नावाचा मंच आहे. तेथून निरनिराळी खाती आणि पोलीस कंपन्यांना मजकूर काढण्याच्या सूचना धाडतात. एक्स कंपनीने त्याला आव्हान दिले; कर्नाटक उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये ते फेटाळले. कंपनी परदेशी, तिला घटनेच्या १९ व्या कलमाचा आधार घेता येणार नाही, असे न्यायालय म्हणाले. कंपनीपुरते ते बरोबर असेल. परंतु जो मजकूर पुसला गेला तो तर भारतीयाने लिहिलेला होता, आणि कंपनीच्या कचेरीत सूचना पोचते तशी ती त्याच्या घरी बहुधा पोचतच नाही. आणीबाणीतल्या सेन्सॉर अधिकाऱ्याला निदान नाव आणि कचेरी होती. मिनू मसानी, एकेकाळचे समाजवादी आणि नंतर समाजवादाचे कडवे टीकाकार, त्यांच्या ‘फ्रीडम फर्स्ट’चे लेख कापणाऱ्या त्या अधिकाऱ्याला मुंबई उच्च न्यायालयात खेचू शकले, आणि १९७६ साली, आणीबाणी चालू असताना, जिंकले. आज ज्याचा मजकूर जातो त्याने कोणाला खेचावयाचे?

महाराष्ट्राला हे नवीन नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंद असताना फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या आणि त्या आवडल्याची खूण केली, एवढ्यावरून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. त्या प्रकारानंतर एका विद्यार्थिनीने केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ कलमच रद्द केले. २०२३ मध्ये सरकारने नियम बदलून आपल्याविषयीच्या बातम्यांतील खरे-खोटे ठरविणारा कक्ष आपल्याच हाती घेतला. मुंबई उच्च न्यायालयाने तो नियम सप्टेंबर २०२४ मध्ये घटनाबाह्य ठरविला. त्याच २०२३ मध्ये नागरिकांच्या माहितीचे कंपन्यांपासून रक्षण करण्यासाठी म्हणून जो कायदा आला, त्यात सरकारने स्वतःला सूट देण्याची सोय करून घेतली आणि जाता जाता माहिती-अधिकाराच्या कायद्यालाही कात्री लावली.

यामुळे आपल्यातल्याच काही स्वातंत्र्यवादी मित्रांची कुचंबणा होते. ते म्हणतात, या सरकारच्या हाती कंपन्यांविरुद्ध आणखी हत्यार देऊ नका. तेच हत्यार उद्या आपल्या मानेवर येईल. भीती खोटी नाही. पण कर आणि बोलणे यांची गल्लत त्यांनीही करू नये. उत्पन्नावरील कर मजकूर वाचत नाही. मक्तेदारीविरोधी कायद्याला कोणत्या पुढाऱ्यावर टीका झाली याच्याशी कर्तव्य नसते. आणि कंपन्यांना मोकळे सोडल्याने नागरिकाचे स्वातंत्र्य वाढते, हा भ्रम तर ऑस्ट्रेलियाने केव्हाच फेडला आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये बातम्यांचा मोबदला देण्याचा कायदा येऊ घातला, तेव्हा फेसबुकने त्या देशातील बातम्या एका दिवसात बंद केल्या, आणि त्यांबरोबर आरोग्य खात्यांची व आपत्ती-सेवांची पानेही झाकली गेली. दोन वर्षांनी कॅनडात वणवे पेटलेले असताना मेटाने बातम्या रोखून धरल्या. नागरिकाचे तोंड दाबण्याची शक्ती सरकारपाशी आहे तशी ती कंपनीपाशीही आहे, आणि दोघे जेव्हा आपसांत सौदा करतात तेव्हा एक दुसऱ्याला कर सोडतो आणि दुसरा पहिल्याच्या सांगण्यावरून मजकूर पुसतो.

तेव्हा मागणी दुहेरी आहे. शुल्क परत आले पाहिजे. मात्र जुन्या सदोष रचनेत नव्हे. ते कंपनीवर थेट बसावे, फार मोठ्या उलाढालीच्याच कंपन्यांना लागू व्हावे आणि लहान जाहिरातदाराच्या बिलात त्याची वेगळी ओळ छापण्यास मनाई असावी. आंतरराष्ट्रीय पातळीवर श्रीमंत देशांच्या मंडळाऐवजी संयुक्त राष्ट्रांच्या कर-कराराला जोर द्यावा. नायजेरियाच्या पुढाकाराने आलेल्या त्या ठरावाला नोव्हेंबर २०२३ मध्ये १२५ देशांनी पाठिंबा दिला. भारताने बाजूने मत दिले होते, अमेरिकेने विरोधात. मत दिल्यानंतर दिल्ली त्या विषयावर जोमाने बोलल्याचे आमच्या कानी आलेले नाही. आणि दुसरीकडे, ज्याचा मजकूर काढावयाचा त्याला लेखी नोटीस, लेखी कारण आणि अपिलाचा हक्क दिल्यावाचून एकही सूचना कंपनीकडे जाता कामा नये.

विरोधी बाकांवरील खासदारांना यात एक घटनात्मक अडचण आहे. ११७ व्या कलमानुसार कर रद्द करण्याची वा कमी करण्याची दुरुस्ती कोणीही मांडू शकतो, पण कर बसविण्याची दुरुस्ती राष्ट्रपतींच्या शिफारशीवाचून मांडता येत नाही, म्हणजे सरकारच्या मर्जीवाचून मांडता येत नाही. परंतु तारांकित प्रश्न विचारावयास कोणाची शिफारस लागत नाही. मार्च २०२५ मध्ये हे शुल्क सोडण्यापूर्वी अमेरिकेने भारताला कोणते लेखी आश्वासन दिले होते? दिले असल्यास ते सभागृहाच्या पटलावर ठेवावे. दिले नसल्यास, शुल्क कोणाच्या सल्ल्याने सोडले, हे अर्थमंत्र्यांनी सांगावे.